जाईबाई चौधरी कोण होत्या?
आपल्या लेकरांच्या पुस्तकांत न आलेल्या बाया

३ जानेवारी आली की आपल्या पारशिवनीच्या शाळांमध्ये दहा-बारा सावित्रीमाई दिसतात. नऊवारी लुगडं, हातात पाटी किंवा पुस्तक. पोरी मोठ्या धिटाईने भाषण म्हणतात. माई शाळेत जात, लोक शेण मारत, माई पिशवीत दुसरं लुगडं ठेवत. टाळ्या पडतात. ७ फेब्रुवारीला रमाई जयंती आणि २७ मेला स्मृतिदिन. तेव्हा गोवऱ्या थापण्याची आणि उपासतापासाची गोष्ट सांगितली जाते, बायांच्या डोळ्यांना पदर लागतो. हे सारं चांगलंच आहे. आमच्या लहानपणी एवढंही नव्हतं.

पण या स्मरणिकेच्या निमित्ताने समाजबांधवांपुढे, आणि विशेषतः आयाबहिणींपुढे, एक प्रश्न ठेवावासा वाटतो. या दोन नावांपलीकडे माणसाच्या हक्कासाठी झगडलेली एखादी बाई सांगा, असं आपल्या मुलांना म्हटलं तर ती कोणाचं नाव सांगतील? हुशार पोरगं असलं तर पाकिस्तानच्या मलाला युसुफझाईचं सांगेल. तिला २०१४ साली वयाच्या सतराव्या वर्षी नोबेल पारितोषिक मिळालं, ते टी.व्ही.वर येऊन गेलं आहे. उमरेडच्या जाईबाई चौधरीचं नाव मात्र कोणी सांगणार नाही. उमरेड आपल्याच जिल्ह्यातलं गाव. इथून एस.टी.ने निघालेला माणूस दुपारपर्यंत तिथं पोचतो. तरी ती बाई आपल्या लेकरांना मलालापेक्षा दूरची आहे.

मी काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत पाळी करणारा माणूस. जे वाचलं ते पाळीवरून आल्यावर वाचलं आणि जे समजलं ते चळवळीतल्या मोठ्या माणसांजवळ बसून समजलं. तेव्हा विद्वानांच्या भाषेत लिहिता येणार नाही. साध्या भाषेत जाईबाईची गोष्ट आधी सांगतो.

जाईबाईचा जन्म १८९२ सालचा, उमरेडचा, महार कुटुंबातला. १८९६ मध्ये आपल्या भागात जो दुष्काळ पडला, त्यात गाव सोडून हे कुटुंब नागपूरला आलं. १९०१ मध्ये तिचं लग्न झालं. म्हणजे नवव्या वर्षी. नवऱ्याचं नाव बापूजी चौधरी. घरात खायची अडचण, म्हणून ही मुलगी नागपूर स्टेशनवर हमाली करू लागली. लोकांचं सामान डोक्यावर घ्यायचं आणि पोचवून द्यायचं. आज आपल्या पोरींना पाठीवर दप्तर जड होते. त्या वयाला जाईबाईच्या डोक्यावर दुसऱ्याची पेटी होती.

तिथं मिस ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंच्या नजरेस ती पडली. त्यांनी तिला शिकण्याची वाट करून दिली आणि पुढे मिशनच्या शाळेत महिना ४ रुपये पगारावर शिक्षिका म्हणून लावून दिलं. आता इथंच गोष्ट संपली असती तर ती दयेची गोष्ट झाली असती. गरीब मुलगी, दयाळू मॅडम, नोकरी लागली, सुखी झाली. पण तसं झालं नाही. मुलांना शिकवणारी ही बाई महार आहे असं कळल्याबरोबर स्पृश्य पालकांनी गिल्ला केला, मुलं शाळेत पाठवेनात. जाईबाईला नोकरी सोडावी लागली.

दुसरी एखादी असती तर परत स्टेशनवर गेली असती. जाईबाईने काय केलं? ज्यांना आपण चालत नाही त्यांच्या दाराशी पुन्हा न जाता तिने १९२२ मध्ये नागपूरच्या नई वस्तीत मुलींसाठी स्वतःचीच शाळा काढली. नाव ठेवलं संत चोखामेळा कन्या शाळा. हमाली केलेल्या बाईने काढलेली शाळा! मला ही ओळ प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

चोखामेळ्याचं नाव का, असं आजचा तरुण विचारील. त्याचं उत्तर त्या काळातच आहे. आपल्या भागातली चळवळ तेव्हा किसन फागुजी बनसोडे यांच्यासारख्यांच्या खांद्यावर होती. ते मोहप्याचे, म्हणजे हेही आपल्याच जिल्ह्यातले. त्यांनी वर्तमानपत्रं काढली, मुलींच्या शिक्षणासाठी खटपट केली, आणि संत चोखामेळ्याच्या नावाभोवती समाज गोळा केला. त्यांच्या पत्नी तुळसाबाई छापखान्याच्या कामात हातभार लावत. पुढे बाबासाहेबांच्या विचाराने समाज त्या वाटेपासून पुढे गेला. पण त्या पायरीवर पाय ठेवूनच गेला, हे विसरून कसं चालेल? कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनीही १९२७ मध्ये नागपुरात महिला आश्रम काढला होता. हरदासांचं नाव आपल्याकडे निदान जयभीमच्या निमित्ताने निघतं. तुळसाबाईंचं कोण काढतो?

जाईबाईच्या आयुष्यातला दुसरा प्रसंग मला शाळेइतकाच मोठा वाटतो. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपूरला भरलं. शिकलेल्या, मोठ्या घरच्या बायांची ही परिषद. स्त्रियांच्या हक्कासाठीच भरलेली. जाईबाईंना तिथं बोलावणं होतं. पण जेवणाच्या वेळी त्यांची सोय वेगळी करण्यात आली. स्त्रियांच्या हक्काची भाषणं ऐकायला सगळ्या एका मांडवात, आणि ताट मात्र बाजूला! जाईबाई आणि त्यांच्या सोबतच्या बायांनी हा अपमान गिळला नाही. १ जानेवारी १९३८ रोजी नागपुरात आपल्या बायांची निषेध सभा झाली. तिथून पुढे आपल्या स्त्रियांची स्वतःची वेगळी संघटना पाहिजे, ही गोष्ट नागपूरच्या बायांच्या मनात पक्की होत गेली.

आणि मग आलं १९४२.

१८ आणि १९ जुलै १९४२ रोजी नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित परिषद झाली. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना तिथलीच, ती आपल्याला पाठ आहे. त्याच मांडवात २० जुलैला दलित महिलांची परिषद झाली, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात नसते. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. स्वागताध्यक्ष कीर्तीबाई पाटील. चिटणीस इंदिराबाई पाटील. २० ते २५ हजार बाया आल्या होत्या. पायी, बैलबंडीने, रेल्वेने, कडेवर लेकरं घेऊन, पावसाचे दिवस असताना. शेतीवाल्या माणसाला जुलै म्हणजे काय हे सांगायला नको. निंदणाच्या दिवसांत मजुरी बुडवून आलेल्या बाया होत्या त्या.

बाबासाहेब त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले होते. एवढा मोठा माणूस समोर, पण त्या दिवशी बाया नुसत्या दर्शनाला आल्या नव्हत्या. त्यांनी ठराव केले. ते ठराव मी मुलांच्या धम्मवर्गात वाचून दाखवतो तेव्हा मोठी माणसंही थांबून ऐकतात. बायकोला घटस्फोटाचा हक्क असावा. एक बायको असताना दुसरी करण्यास कायद्याने बंदी असावी. गिरणीत, बिडीच्या कारखान्यात, म्युनिसिपालिटीत आणि रेल्वेत काम करणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा आणि एक महिन्याची भरपगारी रजा मिळावी. कामावर दुखापत झाली तर भरपाई मिळावी. २० वर्षं नोकरी झाल्यावर निदान १५ रुपये पेन्शन मिळावं. मुलींना सक्तीचं शिक्षण, त्यांच्यासाठी सरकारी खर्चाने वसतिगृहं. कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत आपल्या स्त्रियांसाठी राखीव जागा. आणि गिरण्यांमध्ये बायांवर देखरेख करायला बाईच नेमावी.

हा शेवटचा ठराव का झाला, हे गिरणीत काम केलेल्याला फोड करून सांगावं लागत नाही. खात्यातला जॉबर, मुकादम, त्यांच्या हातात हजेरी आणि बदली. बाईमाणसाने कुठं बोलायचं? हे ज्यांनी भोगलं त्यांनीच हा ठराव लिहिला. त्यांच्यात नागपूरच्या गिरणीतून वर आलेल्या कामगार पुढारी राधाबाई कांबळे यांच्यासारख्या बाया होत्या. सुलोचनाबाईंनी तर अध्यक्षीय भाषणात संततिनियमनाचा विषय काढला. १९४२ साली! आज आपल्या विहारात तो विषय बायांसमोर माइकवर काढायला किती जण धजतील? बाबासाहेबही त्यांच्यापुढे स्पष्ट बोलले. मुलींच्या लग्नाची घाई करू नका, कमावण्याची ताकद आल्याशिवाय लग्न लादू नका, आणि नवऱ्याची गुलाम म्हणून न राहता मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून राहा, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी मान्य केला. त्याच्या १६ व्या कलमात लग्नात आणि लग्न मोडताना स्त्री-पुरुषांना सारखे हक्क सांगितले आहेत, २४ व्या कलमात पगारी सुट्टी आहे, २६ व्या कलमात शिक्षण आहे. पहिल्याच कलमात जिथं ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारा शब्द होता तिथं ‘सर्व मानव’ असा बदल आपल्या देशाच्या हंसाबेन मेहता यांच्या आग्रहाने झाला. आता हिशेब मांडा. नागपूरच्या मोहन पार्कात शेतमजूर, बिडी कामगार आणि गिरणी कामगार बायांनी हात वर करून जे मागितलं, त्यातलं कितीतरी जगाने सहा वर्षांनी कागदावर आणलं. ‘मानवी हक्क’ हा शब्द मोठा आहे, साहेबी वाटतो, पण त्यातला माल आपल्या आज्या-पणज्यांना ओळखीचा होता.

मग या बाया मुलांच्या पुस्तकांत का नाहीत?

पहिलं कारण असं की या बाया मोठ्यांच्या पुस्तकांतसुद्धा फार उशिरा आल्या. चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी परिषदा लिहिल्या, ठराव लिहिले, पुढाऱ्यांची नावं लिहिली. बायांसाठी एक ओळ, ‘महिलांची उपस्थिती लक्षणीय होती.’ बस. ही ओळ मी इतक्या वेळा वाचली आहे की आता हसू येते. हे चित्र बदललं ते १९८९ मध्ये, जेव्हा उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. या दोघी गावोगाव, वस्त्यावस्त्यांत फिरल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या बायांना शोधून काढलं, त्यांच्याजवळ बसून त्यांच्या तोंडून ऐकलं आणि जुनी वर्तमानपत्रं चाळून ते पारखून घेतलं. जाईबाई, तुळसाबाई, राधाबाई, सुलोचनाबाई ही नावं आज आपल्याला एका ठिकाणी सापडतात, त्याचं मोठं श्रेय या कामाला आहे. आणखी दहा वर्षं उशीर झाला असता तर सांगणाऱ्याच उरल्या नसत्या.

असं फक्त आपल्याच बायांच्या वाट्याला आलं असं नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली आणि पुरुषांच्या दुटप्पीपणाचे वाभाडे काढले. बुलढाणा म्हणजे आपलंच विदर्भ. ते पुस्तक असं विस्मरणात गेलं की १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून पुढे आणलं तेव्हा लोक चकित झाले. मध्ये ९३ वर्षं गेली. सावित्रीमाईंचंही सुरुवातीला तसंच होतं. शांताबाई बनकर यांनी माईंचं अल्पचरित्र १९३९ मध्ये लिहिलं, म्हणजे माई गेल्यावर ४२ वर्षांनी. बाईचं चरित्र बाईलाच लिहावं लागलं, हेही लक्षात घ्या.

अमेरिकेतला एक दाखला फार बोलका आहे. तिथल्या मॉंटगोमेरी शहरात काळ्या लोकांना बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागत असे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी जागा सोडली नाही, त्यांना अटक झाली आणि मोठं आंदोलन उभं राहिलं. त्यांची मुलांसाठी किती चरित्रं निघाली याला मोजदाद नाही. पण पुष्कळ पुस्तकांत काय लिहिलेलं असायचं? एक शिवणकाम करणारी थकलेली बाई, पाय दुखत होते म्हणून उठली नाही. खरं म्हणजे तेव्हा त्यांचं वय ४२ होतं आणि त्या कित्येक वर्षांपासून काळ्या लोकांच्या संघटनेच्या शहर शाखेच्या चिटणीस होत्या. विचार करून बसलेली कार्यकर्ती पुस्तकात दमलेली मावशी होऊन गेली! आणि त्यांच्याही नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, त्याच शहरात क्लॉडेट कोल्विन नावाच्या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीने बसमधली जागा सोडायला नकार दिला होता. पोलिसांनी तिला धरून नेलं. पुढे बसमधला हा भेद ज्या कोर्टाच्या निकालाने संपला, त्या खटल्यात ती साक्षीदारही होती. तरी तिचं नाव पन्नास वर्षं बाजूला पडलं. ते मोठ्या प्रमाणावर पुढे आलं ते २००९ मध्ये फिलिप हूज यांनी शाळकरी मुलांसाठी लिहिलेल्या चरित्रामुळे. त्या पुस्तकाला तिकडचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मुलांच्या पुस्तकाला आपण बारकी गोष्ट समजतो. एका मुलांच्या पुस्तकाने मोठ्यांचा इतिहास दुरुस्त केला.

म्हणून मला वाटते, चरित्र असणं पुरेसं नाही, त्यात काय लिहिलं आहे हेही पाहावं लागते. आपल्याकडच्या पुस्तिकांत रमाई म्हणजे डोळ्यांतलं पाणी. वणंदची मुलगी, १९०६ मध्ये लग्न, पाचांपैकी चार लेकरं गेली, गरिबी सोसली, १९३५ मध्ये वारली. हे सारं खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पण जानेवारी १९२८ मध्ये मुंबईत आपल्या स्त्रियांचं मंडळ स्थापन झालं तेव्हा त्याच्या अध्यक्षा रमाबाई होत्या, हे किती पुस्तिकांत असते? सावित्रीमाईंचंही पाहा. शेणाचे गोळे सगळ्यांना माहीत. १८५४ मध्ये त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला, जोतीराव गेल्यावर १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं, आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला त्या गेल्या. यातली सासवडची गोष्ट आमच्या पोरींच्या भाषणात कधी ऐकली नाही. अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेली माई आपल्याला दिसत नाही, फक्त शेण झेलणारी दिसते. मुलीच्या मनावर याचा काय परिणाम होत असेल? बाईचं काम सोसण्याचं, बोलण्याचं काम दुसऱ्याचं, असंच ना?

यावर काही भाऊ म्हणतील की लहान मुलांना ठराव आणि अध्यक्षपदं कशाला, त्यांना गोष्टी पाहिजेत. बरोबर आहे. पण गोष्टी कमी आहेत का? जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. आपल्या बायांना बाळंतपणातसुद्धा डोक्यावर छप्पर नसते, थंडीवाऱ्यात त्या कशा तडफडत असतील, असं तिने धर्माचा अभिमान मिरवणाऱ्यांना विचारलं. सातवी-आठवीत शोभणारी मुलगी! ही गोष्ट मी पोरांना सांगितली तेव्हा एक पोरगी लगेच म्हणाली, ‘मंग आमचे निबंध काहून छापत नाही कोणी?’ तिला उत्तर द्यायला मला जड गेलं, पण प्रश्न आवडला.

आणि आपल्या विहाराला तर अशा गोष्टींची फार जुनी शिकवण आहे. थेरीगाथा उघडून पाहा. ७३ प्रकरणांत भिक्खुणींचे उद्गार आहेत, कोणी राणी, कोणी गणिका, कोणी लेकरू गेलेली आई. त्यात पुण्णिका आहे. अनाथपिंडिकाच्या घरच्या दासीची मुलगी, पाणी भरणारी. थंडीत नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासव सारे स्वर्गात जातील की नाही? पाणक्या पोरीने पंडिताला गप्प केलं. महाप्रजापती गौतमीला संघात प्रवेश पहिल्या मागणीला मिळाला नाही. ती केस उतरवून, पाय सुजेपर्यंत चालत वैशालीला गेली, सोबत कितीतरी शाक्य स्त्रिया, आणि आनंदाने बाजू मांडल्यावर तो मिळाला. म्हणजे आपल्या परंपरेत बाईचं चरित्र ‘तिने काय मागितलं’ इथून सुरू होते. आपण ते ‘तिने काय सोसलं’ इथं आणून ठेवलं.

आपल्या काळातल्याही दोन बाया मुलांना सांगण्यासारख्या आहेत. पहिल्या फलटणच्या बेबीताई कांबळे. छोटं दुकान चालवताना सामान बांधायला आलेल्या रद्दी कागदावरचं वाचून वाचून त्यांची वाचनाची भूक वाढली. घरच्यांना कळू नये म्हणून कित्येक वर्षं लपवून लिहिलं. ते ‘जिणं आमुचं’ पुढे १९८६ मध्ये पुस्तक होऊन आलं. त्यात आपल्या समाजातल्या नवऱ्यांनी आणि सासवांनी सुनांवर केलेला जुलूमही त्यांनी झाकला नाही. काही जणांना ते झोंबलं. झोंबू द्या. दुसऱ्या आपल्या नागपूरच्या कुमुदताई पावडे. संस्कृत ही आपल्याला बंद असलेली भाषा. तिच्यात त्यांनी एम.ए. केलं आणि पुढे कॉलेजात संस्कृत शिकवलं. ‘अंतःस्फोट’ या १९८१ च्या पुस्तकात त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की माहेरच्या सोमकुवर या आडनावाने अर्ज केला तेव्हा नोकरीची दारं उघडली नाहीत, कुणबी समाजातल्या मोतीराम पावडे यांच्याशी लग्न झालं, आडनाव बदललं, मग उघडली. शिकलेली बाई तीच, डिग्री तीच. दहावीतल्या मुलाला जात म्हणजे काय हे समजावून सांगायला आणखी कोणता धडा पाहिजे? कुमुदताई ३१ मे २०२३ रोजी गेल्या.

आता कामाचं बोलतो. नागपूरच्या गिरण्यांचं काय झालं सर्वांना ठाऊक आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली. तिच्या सोबत बायांच्या खात्यांच्या आठवणीही पांगल्या. ४२ च्या परिषदेला गेलेली पिढी आता नाही. पण त्यांच्या सुना आणि लेकी आहेत, कामठी-कन्हानच्या बिडीवाल्या बाया आहेत, दीक्षाभूमीवर १९५६ मध्ये मायच्या कडेवर बसून गेलेल्या आज्या आहेत. त्यांना विचारणारं कोणी पाहिजे. धम्मवर्गातल्या मोठ्या मुलींना मी एक वही दिली आहे. घरातल्या आणि शेजारच्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला चार गोष्टी विचारायच्या. तू काय मागितलं होतंस? कोणाजवळ मागितलं? तो काय म्हणाला? मग तू काय केलंस? रडण्याची गोष्ट ती आपोआप सांगतेच, ती विचारावी लागत नाही.

जाईबाईवरची सोळा पानांची पुस्तिका या मुली लिहीत आहेत. पहिल्या पानावर दुष्काळ, दुसऱ्यावर नागपूरचं स्टेशन. चित्रं त्याच काढणार आहेत. १९३७ च्या जेवणाचं पान कसं काढायचं यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही. दोघी म्हणतात जाईबाई बाजूच्या ताटावर बसलेली दाखवू. एक म्हणते, नाही, उठून उभी राहिलेली दाखवू.